आबांना बघायला आलेली माणसं

भिलाई
२ ऑगस्ट २००४

श्रीमती मनोरमाबाई यांस,
नमस्कार.

तुम्ही खारीला आबांच्या देखभालीसाठी येऊ लागल्याचं माझा भाऊ यतीन याने फोनवर सांगितलं. मी त्यांची मुलगी. इथे एका शाळेच्या ऑफिसात काम करते. जी गोष्ट कागदावर नाही ती झाली, असं मी सहसा मानत नाही.

आई गेल्यापासून आबा खाट सोडत नाहीत. साखर वाढलेली आहे. फोन केला की "बरा हाय, बरा हाय" एवढं ओरडून सांगतात आणि ठेवून देतात. यतीन मिरा रोडला राहतो, रविवारी जाऊन येतो, तोही "ठीक आहे" म्हणतो. दोघांच्या बोलण्यावरून मला काहीच कळत नाही. म्हणून तुम्ही रोजची नोंद लिहा आणि दर शनिवारी तिची नक्कल पोस्टाने पाठवा. तक्ता सोबत जोडला आहे. त्यात खाणं, औषध, लघवी-शौच, झोप, चालणं आणि मूड असे रकाने आहेत. शिवाय भेटायला कोण आलं आणि त्यांनी आबांना काय दिलं, हेही लिहा. आमच्या गावात आजारी माणसाला गोड भरवण्यालाच माया म्हणतात.

दिवाळीपर्यंत साखर खाली आली नाही तर मी आबांना इथे घेऊन येणार आहे. त्यांना खारी सोडायची नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच नोंद खरी हवी.

पुष्पलता

*

पेणकरपाडा
१४ ऑगस्ट २००४

सौ. पुष्पलताताई यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्र आणि तक्ता मिळाला. दोनशे पानी वही आणून तुमच्यासारखेच रकाने आखून घेतले. माझी शाळा सातवीला सुटली, पण आमचे हे छापखान्यात होते, त्यामुळे घरात छापलेला कागद पुष्कळ आला आणि वाचायची सवय लागली. ह्यांना जाऊन नोव्हेंबरात दोन वर्षं होतील. वाचनालयाची दोन कार्डं होती, ती दोन्ही चालू ठेवली आहेत. त्यांच्या कार्डावर त्यांना आवडायची तशी शिकारीची पुस्तकं आणते आणि वाचून परत करते. सांगायचं एवढंच, की लिहिण्याचा मला कंटाळा नाही.

ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला ते माहीत असावं, म्हणून संध्याकाळी आबांना दिवसाची नोंद वाचून दाखवते. पहिल्या दिवशी ऐकून म्हणाले, "येवढाच? दिसभर मी येवढाच केला?" मी म्हटलं, केलंत तेवढंच लिहिलंय. त्यावर भिंतीकडे तोंड करून झोपले.

मूडच्या रकान्याचं मात्र जमत नाही. विचारलं की म्हणतात, "माजा काय इचारतंस? हंसीचा लिव. तिचा लांबून दिसतो." हंसाबाई म्हणजे तुमच्या शेजारच्या, हे तुम्हाला सांगायला नको. रकाना रिकामा ठेवणं बरं नाही म्हणून आबा सांगतात ते लिहिते.

मंगळवारी हंसाबाईंनी आबांना अर्धा बेसनाचा लाडू दिला. मी हात धरेपर्यंत गिळला होता. तसं लिहिलं, आणि संध्याकाळी वाचलं तेव्हा हंसाबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. उठून गेल्या. सकाळी डबाभर लाडू घेऊन हजर. "अर्धा काय लिवलास गो? गावात मना तोंड हाय का न्हाय?" मी म्हटलं, अर्धाच होता. त्या म्हणाल्या, "होता अर्धा. पन लिवायचा असता काय?"

आता डबाभर लिहिलं आहे. आबांनी त्यातला एकही खाल्लेला नाही. का, ते पुढच्या पत्रात लिहीन. अजून मलाही नीट कळलेलं नाही.

आपली,
मनोरमा

*

भिलाई
२३ ऑगस्ट २००४

श्रीमती मनोरमाबाई,

नक्कल मिळाली. अक्षर चांगलं आहे.

मूडच्या रकान्यात सोमवारी "हंसाबाई चिडलेल्या", मंगळवारी "हंसाबाई गप्प" आणि बुधवारी "शैलाबाईंची सून माहेरी गेली" असं आहे. मला यातून आबांची प्रकृती कशी समजावी?

डबाभर लाडू घरात ठेवू नका. कोणाला तरी देऊन टाका.

पुष्पलता

*

पेणकरपाडा
३० ऑगस्ट २००४

सौ. पुष्पलताताई यांस,
सप्रेम नमस्कार.

लाडू देऊन टाकले, आणि तिथेच घोटाळा झाला.

मी मूळची लालबागची. खारीच्या रीती मला कुठून माहीत असणार? लग्नात मांडवाच्या तोंडाशी एकजण वही घेऊन बसतो आणि कोणी काय आहेर आणला ते लिहितो, एवढं माहीत होतं. पण ती वही घरोघरी जपून ठेवतात, आणि समोरच्याच्या घरी कार्य निघालं की आपल्याला काय आलं होतं ते बघून त्याहून थोडं जास्त परत करतात, हे मला आबांनी आता शिकवलं. तुम्ही गावच्याच, तुम्हाला ठाऊक असेल.

तर गावाचं म्हणणं असं, की दारात बाई आहे, बाईच्या हातात वही आहे, आणि कोणी काय दिलं ते त्यात लिहिलं जातं. म्हणजे ही आहेराची वही. मी म्हटलं, ही देखभालीची आहे. आळीतले लवूदादा म्हणाले, "मंग काय झाला? लग्नाची येगली नि दुखन्याची येगली. लिवलेला ता परत करायलाच लागंल."

आणि आबांचंही तेच म्हणणं. हंसाबाईंचे लाडू समोरच्या शैलाबाईंकडे पाठवले तेव्हा आबा खाटेवर उठून बसले. "हंसीला काय परत केलास?" मी म्हटलं, काही नाही. मग स्वतःचंच नाव घेऊन म्हणाले, "तिचा नाव वहीत नि आपन गप? बाळारामाच्या घरान असा झाला न्हाय कंदी." आहेर स्वतःच्या हातानेच द्यावा लागतो, दुसऱ्याकरवी चालत नाही. म्हणून स्वतः निघाले. काठी, माझा खांदा, आणि माझ्या पदराखाली एक मोठा नारळ. हंसाबाईंचं दार चार पावलांवर आहे. तिथे पोहोचायला आम्हाला किती वेळ लागला ते चालण्याच्या रकान्यात लिहिलं आहे. घामाघूम झाले, पण नारळ त्यांनीच दिला.

हंसाबाईंनी संध्याकाळी दोन नारळ आणले.

रविवारी यतीनभाऊ आले. वही चाळताना मागच्या रविवारची नोंद त्यांच्या नजरेला पडली: "यतीनभाऊ आले, काही आणलं नाही." मला म्हणाले, "अहो, मी मुलगा आहे त्यांचा! मला कशाला लिहिता?" मी म्हटलं, तक्त्यात मुलगा सोडून असं नाही. तसेच उठून बाहेर गेले आणि पेढ्यांचा मोठा पुडा घेऊन आले. तो आबांनी लगेच लवूदादांकडे पोचवला. लवूदादांनी त्याबदली काल कोंबडा दिला. तोही लिहिला आहे.

मनोरमा

*

भिलाई
८ सप्टेंबर २००४

मनोरमाबाई,

"लवूदादांकडून: कोंबडा एक" हे तुम्ही खाण्याच्या रकान्यात लिहिलं आहे. साखरेच्या पेशंटला, सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, अख्खा कोंबडा? कोणत्या वेळी दिलात? औषधाच्या आधी की नंतर?

आणि त्याच दिवशी झोपेच्या रकान्यात "कोंबड्यामुळे झोप झाली नाही" असं आहे. अर्थातच होणार नाही.

आजपासून भेटायला येणाऱ्यांची नोंद बंद करा. फक्त आबांबद्दल लिहा.

पुष्पलता

*

पेणकरपाडा
२० सप्टेंबर २००४

सौ. पुष्पलताताई यांस,
सप्रेम नमस्कार.

कोंबडा आबांना दिलेला नाही, आबांकडे दिला आहे. तो जिवंत आहे. मोरीत बांधला होता आणि भलत्याच वेळी आरवत होता, म्हणून झोपेच्या रकान्यात आला. भेटीसाठी वेगळा रकाना आखायला जागा उरली नव्हती म्हणून खाण्यात लिहिला, ही माझी चूक.

तुमच्या सांगण्याप्रमाणे पाहुण्यांची नोंद बंद केली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी शैलाबाई कमरेवर हात ठेवून दारात. त्यांनी चिकू दिले होते आणि त्यांचं नाव वाचलं गेलं नव्हतं. "लिवलास न्हाय म्हंजे घेतलास न्हाय," म्हणाल्या, आणि तेवढेच चिकू पुन्हा ठेवून गेल्या. मग ज्यांचं ज्यांचं लिहिलं नव्हतं ते सगळे दुसऱ्यांदा देऊन गेले. एका दिवसात घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. नोंद पुन्हा सुरू केली आहे. तुमची आज्ञा मोडल्याबद्दल माफी मागते, पण न लिहिल्याने आवक दुप्पट होते.

आता बाहेरगावचे येतात. चौक गावाहून तुमच्या मावसबहिणीकडची माणसं दोन बस बदलून सुकट घेऊन आली. काल एक गृहस्थ आले, त्यांनी टॉवेल-टोपी ठेवली, नाव सांगितलं, चहा घेतला आणि निघताना विचारलं, "नवरदेव कुठाय?" ते नव्या इमारतीत फ्लॅट बघायला आले होते, दारातली गर्दी पाहून आत शिरले होते. आबा म्हणाले, नाव लिहिलं आहे, आता ते आपले झाले.

टॉवेलांचं असं आहे की गावात टॉवेल एकंदर थोडेच आहेत. आम्ही दिलेला टॉवेल चार दारं फिरून परत आला, फक्त घडी बदलली होती. कोंबडाही परत आला. आबांनी त्याला तुऱ्यावरून ओळखलं. देणाऱ्याला आबा काही बोलले नाहीत, पण तो गेल्यावर इतके हसले की मला पाणी द्यावं लागलं. मूडच्या रकान्यात पहिल्यांदाच त्यांचा स्वतःचा मूड लिहिला आहे, बघा.

खाणं म्हणाल तर भाकरी, भाजी, आमटी. गोड काहीही खात नाहीत. खाल्लं तर परत काय करणार? जे येतं ते पुढे जातं, आणि ते पोचवायला आबा रोज चालतात. गणपतीत तर गावभर फिरले. आता खांदा लागत नाही, काठी पुरते. साखरेच्या तपासणीचा कागद सोबत जोडला आहे.

मनोरमा

*

भिलाई
२९ सप्टेंबर २००४

मनोरमाबाई,

मी तुमचं पत्र दोनदा वाचलं. माझे आबा आठ महिन्यांत मोरीपर्यंत धड गेले नाहीत. आणि तुम्ही लिहिता, ते गावभर फिरतात, हसतात, गोड खात नाहीत. वर साखर निम्म्यावर. कोंबडा गावाला फेरी मारून परत येतो.

तुम्ही पुष्कळ पुस्तकं वाचता असं तुम्हीच लिहिलं होतं. मला गोष्ट नको होती, नोंद हवी होती. यतीनला फोन केला, तर तो म्हणतो, "ताई, ते मला विचारू नकोस, मला पुन्हा मिठाई आणावी लागते." याचा अर्थ मी काय घ्यायचा?

दोन नोव्हेंबरला मी येते आहे. चार तारखेची तिकिटं काढली आहेत, एक माझं आणि एक आबांचं. दिवाळी ते इथे करतील. तुमचा हिशेब त्याच वेळी पूर्ण करू.

पुष्पलता

*

खारी
९ ऑक्टोबर २००४

चि. पुष्पा,

हे आबा सांगतायत आणि मी मनोरमा लिहिते आहे. त्यांनी सांगितलंय की शब्द बदलायचा नाही, म्हणून बदललेला नाही.

पुष्पा, तू तिकीट काढलास ता चांगला केलास, एक परत कर. मी मरायला टेकलेला नव्हतो, मी नुस्ता पडलेलो. तुजी आय गेली, मंग कोनाकडं जायाचा नि कशाला जायाचा? ही बाय आली नि सांजंला वाचायला लागली, बाळारामानी खाल्ला, बाळाराम झोपला. मना लाज वाटली. ढोराचा बी येवढाच लिवतील.

आता मना टाईम न्हाय. लवूचा देना हाय, शैलीचा हाय, चौकवाल्यांचा हाय. चौकला बसनी जायाचा हाय. येवढा अंगावर ठेवून मी भिलाईला कसा येऊ? पलून गेला म्हनतील.

बाय खोटा लिवत न्हाय. कोंबडा खरा हाय. पायजे तं आरवायला लावतो, तू फोन कर.

तुजा,
आबा

*

पेणकरपाडा
२ नोव्हेंबर २००४, संध्याकाळ

सौ. पुष्पलताताई यांस,
नमस्कार.

तुम्ही मघाशी रिक्षात बसताना "उद्यापासून येऊ नका" म्हणालात, ते मी ऐकलं आहे. हे पत्र हंसाबाईंच्या हाती देते आहे. त्या तुमच्यामागून इथे धावत आल्या होत्या आणि आता घरी निघाल्या आहेत. वही खारीला आहे, पण दिवस कोरा राहू नये, म्हणून आजची नोंद इथे करते. तुम्ही ती वहीत चिकटवा किंवा टाकून द्या.

आज मी सुट्टीवर होते. ह्यांचं दुसऱ्या वर्षाचं श्राद्ध होतं. आबांजवळ हंसाबाईंना बसवलं होतं. दुपारी आबांनी त्यांना पान आणायला पाठवलं आणि त्या वळताच स्वतः रिक्षा केली. एकटे. पेशंट सोबतीशिवाय घराबाहेर, असं लिहायला हवं. सोय मी नीट केली नव्हती, हेही लिहायला हवं.

त्यांना माझ्या इमारतीचं नाव माहीत नव्हतं. पेणकरपाड्यात आता इमारती किती झाल्यात ते तुम्ही पाहिलंतच. प्रत्येक फाटकाशी रिक्षा थांबवून "वहीवाली बाय कुठं ऱ्हाते" असं विचारत आले. रिक्षावाला त्यांच्या मागोमाग माझ्या दारापर्यंत आला आणि मला म्हणाला, "चाचा बीमार लगते हैं, दवाखाना बोला तो मानते नहीं." त्यावर आबा त्याला म्हणाले, "बीमार मैं नय, ये बाय हय. मैं उसको बघायला आयेला हाय."

मी म्हटलं, आबा, मला काही झालेलं नाही. ते म्हणाले, "दोन वरसा झाली. कोन आला तुला बघायला?"

श्राद्धाला घरात मी, भटजी आणि खालच्या मजल्यावरच्या एक बाई, एवढेच होतो. भटजी जेवून गेले होते.

येताना त्यांनी काही आणलं नव्हतं. तेही सांगितलं. "मुद्दाम हात रिकामा आनला. तुज्या घरान परत करायला जानारा कोन हाय? उगा वझा नको." मग ह्यांच्या फोटोसमोर बसले. नाव विचारलं, काय काम करायचे ते विचारलं, हसायचे का ते विचारलं. मी म्हटलं, छापखान्यातली चूक सापडली की हसायचे. आबांनी मान हलवली.

खाणं: वरण-भात, वडा एक, आणि तांदळाची खीर एक वाटी, गोड. मी नको म्हटलं होतं. ते म्हणाले, श्राद्धाची खीर नाही म्हणता येत नाही. त्यांनी खाल्ली आणि मलाही खायला लावली. सकाळपासून मी जेवले नव्हते. तुम्ही दारात आलात तेव्हा ते मला "जेव, जेव" म्हणत होते. पेशंटने बाईला जेवू घालणं तुम्हाला उलटं दिसलं असणार, आणि होतंही उलटंच.

औषध: दुपारचं चुकलं. रात्रीचं जेवणानंतर द्या, पांढरी गोळी अर्धी.
चालणं: तीन जिने, स्वतः.
मूड: मी नोंदवू शकत नाही. त्यांना विचारा.

मनोरमा

*

भिलाई
१७ नोव्हेंबर २००४

मनोरमाताई,

मी एकटीच परत आले, हे तुम्हाला कळलं असेल. यतीनने तुम्हाला पुन्हा बोलावलं आणि तुम्ही दुसऱ्याच दिवशी गेलात, त्याबद्दल आभारी आहे. तुम्ही लिहिलेलं पान वहीत चिकटवलं आहे. त्यात मूडची ओळ राहिली होती, ती मी लिहिते, आबांची नाही, माझी.

त्या दिवशी मी किती घाबरले ते तुम्हाला सांगता येणार नाही. तीन महिने कागद वाचत होते आणि दार उघडलं तर खाट रिकामी. हंसामावशी पान हातात घेऊन रडत होत्या. त्या काय सांगत होत्या, मला ऐकू येत नव्हतं. नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनी आबा पेणकरपाड्याला गेल्याचं सांगितलं, आणि तुमचा पत्ता माझ्याकडे होताच. तुमच्या दारात मी जे बोलले ते त्या घाबरण्यातून बोलले. तरी ते बोलायला नको होतं, आणि त्या दिवशी तर नकोच होतं.

परतताना रिक्षात मी आबांना म्हटलं, तुम्ही असे कोणालाही बघायला उठून जाता, तुमचं वय काय, तुमची साखर काय. खारीचा रस्ता आला तेव्हा म्हणाले, "तू मना न्यायला आलीस पुष्पा. बघायला कवा येशील?"

सकाळी त्यांचं तिकीट परत केलं. तोपर्यंत दारात लोक जमले होते. मला वाटलं आबांसाठी. शैलामावशी म्हणाल्या, "तुला बघायला आलो. वालून गेलीस गो, सुकलीस." माझ्या हातात चिकू ठेवले. कोणाच्या नावावर लिहायचे ते तुम्हीच ठरवा.

मी डिसेंबरात सुट्टी काढून येते आहे, फक्त बघायला. येताना काय आणू?

आपली,
पुष्पलता

*

पेणकरपाडा
२५ नोव्हेंबर २००४

पुष्पलताताई यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्र आबांना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं, आणि लवूदादा आल्यावर तिसऱ्यांदा. तक्त्याप्रमाणे सगळं ठीक आहे. खिरीने काही बिघडलं नाही, कागद जोडला आहे. चौकला बसने जाऊन आले, मी बरोबर होते. मूडच्या रकान्यात आता तेच सांगतात आणि मी लिहिते, मधे हंसाबाई दुरुस्त्या करतात.

येताना काहीतरी जरूर आणा. छोटंसं चालेल, पण रिकाम्या हाताने येऊ नका. कारण सांगते.

परवा आबांनी मला विचारलं, भिलाईला गाडीने किती वेळ लागतो. मी म्हटलं, एक रात्र आणि वर बराचसा दिवस. मग म्हणाले, "पोरगी येनार, कायतरी आननार, तू ता वहीत लिवनार. मंग आपल्याला जायला लागंल. दुसऱ्याकडं पाठवून चालायचा न्हाय." यतीनभाऊंना फोन करायला लावला आणि दोन तिकिटं सांगितली, त्यांचं आणि माझं. मी मुंबईच्या बाहेर एवढ्या लांब कधी गेलेली नाही. ह्यांनाही जायचं होतं पुष्कळ ठिकाणी. तर मी येईन.

यतीनभाऊंनी फोनवर विचारलं, तिथे राहणार किती दिवस, म्हणजे परतीचं तिकीट कधीचं काढू? आबांना त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. माझ्या हातातून फोन घेऊन ओरडून म्हणाले,

"बघायला गेलेला मानूस ऱ्हातो काय रं? चा पितो नि निंगतो!"

आपली,
मनोरमा